ऑटोमोबाईल डिप्लोमाचा पुढच्या पाच वर्षांचा आराखडा करायचाय, सगळा पैसा ईव्ही लॅबवर घालावा का?

वर्कशॉपताई

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण वेळ काढून वाचा, खरंच अडलंय.

मी पूर्व उपनगरातल्या एका कॉलेजात ऑटोमोबाईल सर्व्हिसिंगचा डिप्लोमा शिकवते. यूजीसीची २०१३ ची कम्युनिटी कॉलेज स्कीम आहे ना, त्यातला कोर्स, बारावीनंतर एक वर्ष, ६० क्रेडिट, त्यातले ३६ स्किलचे आणि २४ जनरल एज्युकेशनचे. आमच्याकडे पोरं मानखुर्द, गोवंडी, दिवा, बदलापूर अशा ठिकाणांहून येतात, इंजिनिअरिंगची फी झेपत नाही आणि घरी लवकर पगार यायला पाहिजे असतो. त्यामुळे हे एक वर्ष त्यांच्यासाठी फार महाग असतं, ते वाया गेलं तर पुढच्या वर्षी परत बसू असं म्हणायची सोय त्यांना नाही.

आता मॅनेजमेंटने पाच वर्षांचा आराखडा मागितलाय आणि सोबत एका कंपनीकडून सीएसआरचा निधी मिळतोय, एकदाच मिळणार, परत नाही. त्यांचं म्हणणं, जुनी डिझेल इंजिनं आणि कट सेक्शन (आतलं दिसावं म्हणून कापलेले भाग) काढून टाका, एक इलेक्ट्रिक कार घ्या, खोलीला रंग मारा, ईव्ही लॅब म्हणून प्रवेशाच्या बॅनरवर टाका. त्यांचं अगदीच चूक आहे असं मला नाही वाटत, प्रवेश कमी झालेत हे खरं आहे आणि आईवडील आल्या आल्या हेच विचारतात, मॅडम इलेक्ट्रिक गाडी शिकवता का. नाही म्हटलं की पुढच्या टेबलावर जातात.

पण मी रोज रस्त्यावर बघते ते वेगळंच आहे. उपनगरातल्या रिक्षा सीएनजीवर, टॅक्सी आणि कॅब बहुतेक सीएनजीवर, बेस्टच्या नव्या एसी गाड्या इलेक्ट्रिक, टेम्पो डिझेलचे, आणि एप्रिल २०२० पासून विकलेली प्रत्येक नवी गाडी बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम), म्हणजे सेन्सर आणि ईसीयूवरच (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) चालणारी. आमच्या वर्कशॉपमध्ये काय आहे तर कार्ब्युरेटरचं (जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) कट मॉडेल, जुना डिझेलचा इनलाईन पंप, बिघाडाचे कोड वाचणारा एक साधा स्कॅनर ज्याचं अपडेट केव्हाच संपलंय. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तिचा कार्ब्युरेटर आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत अजून आहे, मुलं त्याची आकृती काढतात आणि मार्क मिळवतात. मला ते बघवत नाही.

तर विचारायचंय असं की हा एकदाच मिळणारा पैसा नेमका कशात घालू? पूर्ण ईव्हीकडे वळलो तर जी पोरं पुढच्या वर्षी जूनमध्ये नोकरी शोधणार त्यांना काम मिळेल का? आणि आम्ही दोघंच शिक्षक आहोत, दोघांनीही हाय व्होल्टेज गाडीवर हात टाकलेला नाही, हे कोणी मीटिंगमध्ये बोलतच नाही, सगळे गाडी कुठली घ्यायची त्यावर बोलतात. गॅरेजवाले, शोरूममधले, शिकवणारे, शिकलेले, ज्यांना जे माहीत आहे ते सांगा.

गॅरेज_कुर्ला

मॅडम नमस्कार. कुर्ल्यात सीएसटी रोडच्या बाजूला आपलं गॅरेज आहे, वडिलांच्या वेळेपासून. तुम्ही हे विचारलंत त्याचंच बरं वाटलं, नाहीतर कॉलेजवाले आम्हाला फक्त पोरांच्या इंटर्नशिपच्या सह्या घ्यायला आठवतात.

मला नवीन पोरगा पाहिजे तर त्याला काय यायला पाहिजे ते सांगतो. पावसाळ्यानंतर एक हॅचबॅक आली, सीएनजी किटवाली, सकाळी स्टार्टिंग ट्रबल, सेल्फ मारला की नुसतं कटकट. आधी एका ठिकाणी बॅटरी बदलून झाली होती, मग सेल्फ पण बदलला होता, गिऱ्हाईक वैतागलेला. माझ्याकडे डिप्लोमा करून आलेला मुलगा होता, त्याला म्हटलं मीटर लाव, त्याने बॅटरीवर लावला, १२.६ आलं, म्हणाला बॅटरी ओके आहे. इथेच त्याचं शिक्षण संपलं. मग त्याला दाखवलं, एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर धर, दुसरा इंजिनच्या ब्लॉकवर, आणि आता कोणालातरी सेल्फ मारायला सांग. मीटरवर दीड व्होल्टच्या आसपास आलं. तिथे पाव व्होल्टच्या आत यायला पाहिजे. म्हणजे करंट परत यायच्या वाटेतच अडकतोय, अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथे बोल्टने लागते तिथे गंज. पट्टी काढली, पॉलिश पेपर मारला, बोल्ट आवळला, गाडी अर्ध्या सेल्फमध्ये चालू. बॅटरी आणि सेल्फचे पैसे गिऱ्हाईकाचे फुकट गेले.

हे व्होल्टेज ड्रॉप चेक करणं कार्ब्युरेटरच्या गाडीत पण लागत होतं, बीएस-६ मध्ये पण लागतं आणि ईव्हीत पण बारा व्होल्टची बॅटरी आहेच ना. मुंबईची खारी हवा, पावसात तुंबलेलं पाणी, यात कनेक्टर आणि अर्थिंग हाच निम्मा धंदा आहे. तेव्हा आधी इलेक्ट्रिकल पक्कं करा, एका मुलामागे एक मल्टिमीटर, चांगला, फुटपाथवरचा नाही.

दुसरं, गाड्या नवीन घेऊ नका. पावसाळ्यानंतर पाण्यात गेलेल्या गाड्या इन्शुरन्सवाले टोटल लॉस (दुरुस्ती परवडत नाही) धरून सॅल्व्हेजमध्ये, म्हणजे भंगारात, काढतात. बीएस-६ पेट्रोलची एखादी घ्या, स्वस्तात पडते, पोरांनी पूर्ण वायरिंग खोलून परत लावायची, बिघडली तर बिघडली. इलेक्ट्रिक पण तशीच मिळाली तर बघा.

आणि एक विनंती आहे. माझ्याकडचा मोठा मिस्त्री आवाजावरून टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हचा भाग) सांगतो, पण स्कॅनर लावला आणि पी०१७१ हा कोड आला की सरळ ऑक्सिजन सेन्सर बदलायला निघतो, कोड काय सांगतोय तर मिश्रण लीन आहे, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, मग हवा कुठून आत घेतेय ते आधी बघायला नको का, पाईप तडकलाय का, गॅस्केट गेलंय का. अशा माणसांसाठी संध्याकाळची बॅच काढा. ते बारावी नाहीत, दिवसा येऊ शकत नाहीत, पण फी देतील, मी देईन त्यांची. बॅनरपेक्षा जास्त प्रवेश इथून मिळतील तुम्हाला.

ऑरेंज_केबल

कुर्ल्याच्या दादांचं इलेक्ट्रिकलबद्दलचं सगळं पटलं, फक्त पाण्यात गेलेली इलेक्ट्रिक गाडी घ्या हे मॅडम कृपा करून मनातून काढून टाका. पेट्रोलची घ्या, बिनधास्त. पण लिथियमचा पॅक, म्हणजे गाडीची मोठी बॅटरी, पाण्यात बुडाला असेल, त्यातून खाऱ्या पाण्यात, तर आत शॉर्ट होऊन काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी पण आग लागू शकते, बाहेरून काही दिसत नाही. अशी गाडी वर्गाच्या खाली पार्क करून ठेवायची नसते. घ्यायचीच तर पॅक काढून, आणि तो काढण्याचं काम कंपनीच्या माणसांनी केलेलं असलं पाहिजे.

मी ठाण्यात ईव्हीच्या सर्व्हिस सेंटरला आहे. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर बॅटऱ्या उघडतो. आमच्या वर्कशॉपमध्ये पॅक उघडतच नाहीत, त्यातला दोष असेल तर कंपनीची वेगळी टीम आणि वेगळी प्रोसेस असते. आमच्याकडे येणारं काम म्हणजे सस्पेन्शन, ब्रेक, टायर, एसी, चार्जिंग होत नाही, सॉफ्टवेअर, आणि गाडी मेली म्हणून टो होऊन येते तेव्हा कितीतरी वेळा ती बारा व्होल्टची बॅटरीच उतरलेली असते, कारण ती उतरली की मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे स्विच) जोडलेच जात नाहीत. आईवडिलांना हे सांगा, म्हणजे ईव्ही शिकायची म्हणजे आधी काय शिकायचं ते त्यांनाही कळेल.

कॉलेजने आम्हाला काय द्यावं, तर सवय. हाय व्होल्टेजवर काम करणारा माणूस घाई करत नाही, ही सवय सहा महिन्यांत लावता येते आणि ती नोकरीवर आल्यावर लावणं फार कठीण जातं. ऑर्डर अशी असते. गाडी बंद, चावी लांब, बारा व्होल्टचा मायनस काढायचा, मग रबरी ग्लोव्हज. क्लास झिरो, हजार व्होल्टवाले, आणि घालण्याआधी प्रत्येक वेळी तोंडाशी गुंडाळून हवा अडकवून दाबून बघायचं, कुठून हवा निघते का, सुईएवढं भोक असलं तरी तो ग्लोव्ह बाद. मग सर्व्हिस डिस्कनेक्ट प्लग (मोठ्या बॅटरीची वाट तोडणारा) ओढायचा, स्वतःच्या खिशात किंवा लॉकरमध्ये, दुसऱ्या कोणी परत लावता कामा नये. मग थांबायचं, मॅन्युअलमध्ये जितकी मिनिटं दिलीत तितकी, इन्व्हर्टरच्या (मोटरला वीज देणारा भाग) कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत. मग मीटर, कॅट थ्री (मीटरच्या सेफ्टीचा दर्जा), हजार व्होल्टचा, आधी चालू असलेल्या सोर्सवर लावून मीटर जिवंत आहे ना ते बघायचं, मग गाडीवर शून्य बघायचं, मग परत त्या सोर्सवर. शेवटचं परत बघणं सगळे टाळतात आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण मधेच मीटर बिघडला असेल किंवा त्याची वायर तुटली असेल तर तो तुम्हाला खोटा शून्य दाखवतो.

हे सगळं शिकवायला पंधरा लाखांची कार लागत नाही. आपल्याकडच्या नियमात डीसीला ६० व्होल्टच्या वर गेलं की हाय व्होल्टेज धरतात. ४८ व्होल्टची इलेक्ट्रिक थ्री-व्हीलर घ्या, मोटर कंट्रोलर, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट), चार्जर, कॉन्टॅक्टर सगळं तिच्यात आहे आणि पोराचा हात चुकला तर शॉक लागून जीव जाणार नाही (अंगठी आणि कडं मात्र काढायला लावा, शॉर्ट झालं तर भाजतं जबर). मोठ्या गाडीचे हेच टप्पे नंतर एखाद्या सर्व्हिस सेंटरमध्ये येऊन करू देत, आमच्याकडे विचारता येईल मला.

अजून एक स्वस्तातली गोष्ट. भंगारातून एका गाडीचे दोनतीन ईसीयू आणि वायरिंग आणा, बोर्डवर लावा. ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतात ते) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये सप्लाय बंद करून ओहम मोजायला लावा, कॅन नेटवर्कच्या (ईसीयू एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी) दोन टोकांना १२०-१२० ची रेझिस्टन्स समांतर असतात म्हणून ६० आलं पाहिजे. १२० आलं तर एक टोक तुटलंय. मुलांना फॉल्ट घालून द्या आणि शोधू द्या. पेट्रोल, सीएनजी, ईव्ही, बस, सगळीकडे हेच कॅन नेटवर्क आहे.

निवृत्त_शिल्पनिदेशक

वर्कशॉपताई, मी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेड शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं हक्काने लिहितो.

तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंत की शिक्षकांनीच हात टाकलेला नाही, तुमच्या आराखड्याची पहिली ओळ हीच पाहिजे. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन) आलं तेव्हा मी जिथे होतो तिथे छान ट्रेनर (शिकवायचं यंत्र) आला होता, पॅनेलवर दिवे, बाजूला कॉम्प्युटर, उद्घाटन झालं, नारळ फुटला, आणि शिकवायचं कोणी कोणाला हे कोणी ठरवलंच नव्हतं. प्लास्टिक पांघरून तो वर्षानुवर्षं उभा होता आणि पोरं त्याच्या शेजारी उभी राहून टॅपेट सेट करत होती. म्हणून आधी तुम्ही दोघं जा, सुट्टीत एका सर्व्हिस सेंटरला पूर्ण वेळ काम करा, ट्रेनिंगची फी आणि तुमच्या जागी येणाऱ्या व्हिजिटिंगचं मानधन या निधीतून मागा. सीएसआरवाले फोटो मागतात, यंत्राचा फोटो निघतो, शिक्षकाच्या ट्रेनिंगचा निघत नाही, म्हणून हे भांडून घ्यावं लागेल.

दुसरं, पूर्ण ईव्हीचा कोर्स काढू नका. आयटीआयमध्ये मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आता आहे, तुमचं एक वर्ष, त्यातही स्किलचे ३६ क्रेडिट, त्यांच्याशी बरोबरी होणार नाही आणि करायची गरज पण नाही. कुर्ल्याच्या भाऊंनी सांगितलेली संध्याकाळची बॅच आयटीआय सहज काढत नाही, ती जागा तुमची आहे.

डिझेल मात्र काढू नका, इथे माझा मॅनेजमेंटला स्पष्ट विरोध आहे. जेएनपीटी बंदराचे ट्रेलर, कळंबोलीचे ट्रक, वाशी मार्केटला रात्री येणाऱ्या गाड्या, हे सगळं डिझेल आहे आणि राहणार आहे बराच काळ. इनलाईन पंप खुशाल भंगारात द्या. पण कॉमन रेल (नवं डिझेल इंजेक्शन), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), युरियाची एससीआर सिस्टीम (धुरातले विषारी वायू कमी करणारी) हे शिकवा, यात हात बसलेला पोरगा कळंबोलीत उपाशी राहणार नाही. सीएनजीचंही तसंच, सिलिंडर २०० बारला भरतो, दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची) लागते, साबणाच्या पाण्याने लीक बघणं, रेड्यूसर (गॅसचं प्रेशर कमी करणारा) उघडणं, हे मुंबईत शिकवायचं नाही तर कुठे शिकवायचं?

आणि दरवर्षीचा खर्च लिहून घ्या लेखी. स्कॅनरचं अपडेट दरवर्षी पैसे मागतं, ते रबरी ग्लोव्हज वापरात असले की सहा महिन्यांनी परत टेस्ट करून घ्यावे लागतात, कनेक्टर, फ्यूज, सेन्सर पोरांच्या हातून तुटणारच आणि तुटले पाहिजेत. एकदाचा पैसा येतो आणि दरवर्षीचा येत नाही, त्यानेच वर्कशॉप मरतात.

वर्कशॉपताई

सर, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. ग्लोव्हजच्या टेस्टचं आणि स्कॅनरच्या अपडेटचं मी बजेटमध्ये धरलंच नव्हतं, ते आजच टाकते. सर, डिझेलबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर कॉमन रेलचं एक चालू इंजिन ठेवायचं आणि बाकी जागा रिकामी करायची असं मांडून बघते, जागा फारच कमी आहे आमची.

अप्रेंटिसशिपबद्दल कोणी सांगेल का? मोठ्या कंपन्या आयटीआयची मुलं घेतात, आमच्या डिप्लोमाला दारात उभं करत नाहीत. बेस्टमध्ये विचारायला गेलो तर इकडून तिकडे पाठवतात.

बदलापूर_फास्ट

मॅडम मी अशाच एका कॉलेजातून केलंय, तुमचं नाही, पण कोर्स हाच. आता इलेक्ट्रिक बसच्या डेपोत आहे, मेंटेनन्सला, आमच्या शिफ्टला मी एकटीच मुलगी.

बेस्टच्या ऑफिसात जाऊन उपयोग नाही कारण या नव्या इलेक्ट्रिक गाड्या बहुतेक वेट लीजवर आहेत, गाडी ऑपरेटरची, ड्रायव्हर त्याचा, मेंटेनन्स पण त्याचाच, डेपोची जागा फक्त बेस्टची. म्हणून ऑपरेटरच्या डेपो मॅनेजरला भेटायचं, एचआरला नंतर. आणि कायद्याचं बोलायचं तर ज्यांच्याकडे ३० किंवा जास्त माणसं आहेत त्यांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के, म्हणजे तुम्ही उपकार मागायला जात नाही आहात, त्यांना पण माणसं दाखवायची असतात. स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं, नॅप्समधून (अप्रेंटिसशिपची केंद्राची योजना), एका अप्रेंटिसमागे महिन्याला दीड हजारापर्यंत, हे डेपो मॅनेजरला माहीत नसतं कधी कधी, कागद घेऊन जा.

कोर्समध्ये मला काय कमी पडलं ते पण सांगते. सर इंजिन उघडायचे आणि आम्ही वीस जण गोल करून बघायचो, मुली मागे. माझा पाना पहिल्यांदा खरा लागला तो नोकरीत. म्हणून ग्रुप चारचाच ठेवा, बाकीच्यांना तोपर्यंत दुसरं काम द्या, पण हात प्रत्येकाचा लागला पाहिजे आणि मुलींचा आधी.

ते २४ जनरलचे क्रेडिट फुकट घालवू नका. आम्हाला त्यात निबंध लिहायला लावला. मला डेपोत रोज काय लागतं, तर इंग्लिशमधलं वायरिंग डायग्राम वाचणं, कोणती वायर कुठल्या कनेक्टरच्या कुठल्या पिनला जाते, आणि शिफ्ट संपताना दुसऱ्या शिफ्टसाठी नीट लिहिणं की काय तक्रार होती, काय मोजलं, किती आलं, काय केलं, काय राहिलं. ज्याला हे लिहिता येतं तो पुढे जातो, माझ्या डोळ्यांदेखत गेलेत. हेच इंग्लिशच्या पेपरला ठेवा ना.

आणि टायमिंग. सकाळी सातची बॅच असेल तर बदलापूरहून पाचच्या आतली लोकल पकडावी लागते, अर्धी मुलं दुसऱ्या महिन्यात यायची बंद होतात आणि कॉलेज म्हणतं मुलांना इंटरेस्ट नाही.

गॅरेज_कुर्ला

ताई एक नंबर लिहिलंत. आमच्याकडे पण जॉब कार्डवर नुसतं "चेक केला, ओके" असं लिहितात, काय चेक केलं देव जाणे.

मॅडम, आमच्यासारख्या पाचसहा माणसांच्या गॅरेजला कायदा अप्रेंटिस घ्या म्हणत नाही, पण आम्ही घेऊ शकतो. आमच्या गल्लीत दोनतीन गॅरेजवाले तयार होतील, मी बोलतो. अट एकच, पोरगा मीटर धरायला शिकून यायला पाहिजे.

वर्कशॉपताई

आता मी मीटिंगला असं मांडणार आहे. पहिल्या वर्षी आम्हा दोघांचं ट्रेनिंग, मल्टिमीटर, भंगारातले ईसीयू बोर्ड, स्कॅनरचं अपडेट, आणि पाण्यातली पेट्रोलची एक बीएस-६ गाडी. त्याच वर्षी संध्याकाळची बॅच, मिस्त्रींसाठी, छोट्या सर्टिफिकेटची. दुसऱ्या वर्षी ४८ व्होल्टची थ्री-व्हीलर आणि ग्लोव्हज वगैरे सगळा सेफ्टीचा सेट. मोठी इलेक्ट्रिक कार आराखड्यात ठेवलीच नाही, त्याऐवजी सर्व्हिस सेंटरशी करार. निधीतला एक हिस्सा बाजूला ठेवून त्यातून दरवर्षीचा खर्च, यावर सगळ्यात जास्त वाद होणार आहे हे दिसतंय, पण यावर मी मागे हटणार नाही. बॅनरवर ईव्ही लिहा, खुशाल लिहा, आम्ही शिकवणारच आहोत. इंग्लिशच्या मॅडमशी जॉब कार्डबद्दल बोलले, त्या लगेच तयार झाल्या, त्यांना खऱ्या जॉब कार्डांचे नमुने पाहिजेत.

ऑरेंज_केबल, तुमच्या सेंटरच्या मॅनेजरना पत्र कोणाच्या नावे पाठवू ते मेसेजमध्ये कळवाल का? आणि कुर्ल्याचे दादा, येत्या आठवड्यात दुपारच्या वेळी मी आणि आमचे सर तुमच्या गॅरेजवर येऊ का, जुनी जॉब कार्डं बघायची आहेत आणि सॅल्व्हेजची गाडी कुठे बघायची तेही.

गॅरेज_कुर्ला

या की. जेवणाच्या वेळेनंतर या, तीनच्या पुढे, तेव्हा गाड्या कमी असतात. जॉब कार्डांचं बाडच आहे, गिऱ्हाईकांची नावं नंबर झाकून झेरॉक्स काढून देतो. सॅल्व्हेजवाल्याला पण त्याच वेळी बोलावून ठेवतो, तुमच्या सरांना वायरिंग बघता येत असेल तर टेस्ट लॅम्प घेऊन यायला सांगा.